चाकांवरचं घर, पेटीत मावणारं!

बालमित्रांनो, तुमच्या गल्लीत सकाळी शाळेची मुलं घेऊन जाणारी एखादी व्हॅन असेलच. कुणाच्या काकांची भाजीची व्हॅन असेल, कुणाच्या मामांची डेकोरेशनचं सामान वाहणारी असेल. सोमवार ते शुक्रवार बिचारी राबते आणि शनिवारी संध्याकाळी वडाखाली उभी राहते.

आता मी तुम्हांला सांगितलं, की हीच व्हॅन शनिवारी रात्री दोन माणसांचं घर होऊ शकते, तेही गाडीला एकही भोक न पाडता, तर? झोपायला पलंग, बसायला बाक, जेवायला टेबल, सामानाला कपाट, आणि सोमवारी सकाळी पुन्हा पहिल्यासारखी व्हॅन! काय, खोटं वाटतं ना? पण हे खरं आहे. ही युक्ती सत्तर वर्षांहून जुनी आहे. त्यासाठी फार पैसा लागत नाही, लागतं ते नीट मोजमाप. ते कसं, ते आज पाहू या. वही, पेन्सिल आणि टेप जवळ घेऊनच बसा!

घर फिरतं होतंच

फिरतं घर ही काही परदेशातून आलेली नवलाई नाही. दिवाळीनंतर आपले धनगरबांधव मेंढरं घेऊन देशावरून कोकणात उतरतात, तेव्हा सगळा संसार घोड्याच्या पाठीवर असतो. राजस्थानातले गाडिया लोहार तर पिढ्यान् पिढ्या बैलगाडीतच राहत आले. मराठवाड्यातून साखर कारखान्यांकडे निघणारी ऊसतोड कुटुंबंही चूल, भांडी, गोधड्या, कोंबड्या, सगळं एका गाडीत बसवतात.

ही त्यांची हौस नसते बरं का. ते पोटासाठीचं चालणं असतं. पण त्यांच्या गाडीकडे कधी नीट बघा. तिथे एकही वस्तू रिकामटेकडी नसते. घोंगडं पांघरायला, तेच अंथरायला, तेच पावसात डोक्यावर घ्यायला! एका वस्तूने दोन-तीन कामं करायची, हा फिरत्या घराचा पहिला नियम. तो लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वहीतलं एक चित्र

आता जरा लांब जाऊ या, जर्मनीत. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. वोल्फ्सबुर्ग गावात फोक्सवॅगन कंपनीचा मोठा कारखाना होता. तिथे 'बीटल' नावाची भुंग्यासारखी गोल मोटार तयार व्हायची. कारखान्यातले कामगार सुटे भाग इकडून तिकडे न्यायला एक सपाट मोटारगाडी वापरत. बीटलच्याच भागांपासून त्यांनी ती बनवली होती.

बेन पॉन नावाचे एक डच व्यापारी तिथे आले होते. त्यांनी ती गाडी पाहिली आणि १९४७ साली आपल्या वहीत एक साधं चित्र काढलं : चाकांवर एक खोकं, पुढे चालक, मागे इंजिन, मध्ये सगळी मोकळी जागा. चित्र इतकं सोपं, की तुमच्यापैकी कुणीही काढेल! पण त्याच कल्पनेवरून ८ मार्च १९५० रोजी कारखान्यातून खऱ्या व्हॅन तयार होऊन बाहेर पडू लागल्या. जर्मन लोक तिला लाडाने 'बुली' म्हणू लागले. इंजिन होतं अवघं २५ अश्वशक्तीचं. म्हणजे आजच्या बऱ्याच मोटारसायकलींएवढंच!

पेटीची करामत

युद्धानंतर लोकांकडे पैसा बेताचा होता. कामाला एक गाडी आणि सहलीला दुसरी, ही चैन कुणाला परवडणार? तेव्हा वेस्टफालिया नावाची कंपनी पुढे आली. ही कंपनी मूळची १८४४ सालची, घोडागाड्यांच्या काळातली. तिने १९५१ च्या सुमारास एक गंमत केली. बुलीला कायमचं घर बनवण्याऐवजी तिने घरच एका पेटीत बसवलं! तिचं नाव 'कॅम्पिंग बॉक्स'. शनिवारी ती पेटी व्हॅनमध्ये चढवायची. ती उघडली, की बिछाना आणि सामान ठेवायची जागा तयार. रविवारी रात्री पेटी उतरवायची, की सोमवारी गाडी पुन्हा कामाला मोकळी.

म्हणजे बघा, दुसरी गाडी घेण्याचा खर्चच वाचला. एका गाडीने दोन कामं केली. आपल्या धनगरबांधवांच्या घोंगड्याचाच नियम की नाही?

पुढे १९६० आणि १९७० च्या दशकांत युरोपातले कितीतरी तरुण अशा व्हॅन घेऊन तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान आणि पाकिस्तानातून थेट भारतात येत. त्यांतल्या काही गाड्या गोव्यात हणजूणच्या किनाऱ्यापर्यंत पोचल्या. १९७९ साली इराणमध्ये क्रांती झाली, अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या आणि ती वाट बंद पडली.

आपल्याकडची व्हॅन

आपल्याकडे अशी चौकोनी गाडी रुळली ती १९८४ साली आलेल्या मारुती व्हॅनमुळे. पुढे तिचं नाव ओम्नी झालं. रुग्णवाहिका, शाळेची गाडी, दुधाची गाडी, लग्नाची गाडी, तिने काय काय केलं नाही? २०१० साली तिची धाकटी बहीण ईको आली. दोघींचं इंजिन पुढच्या सीटांखाली असतं. त्यामुळे मागे मोकळी जागा भरपूर आणि मागचा दरवाजा वर उघडला, की वऱ्हांड्यासारखं छप्परही तयार.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. बुलीची जुन्या ढंगाची गाडी ब्राझीलमध्ये २०१३ पर्यंत बनत होती. २०१४ पासून तिथे नव्या मोटारींना एअरबॅग आणि चाकं न घसरू देणारे ब्रेक सक्तीचे झाले, आणि ती थांबली. आपली ओम्नीही २०१९ साली, नवे सुरक्षेचे नियम आले तेव्हाच, बंद झाली. गाडी कितीही लाडकी असो, आतल्या माणसाचा जीव तिच्याहून मोठा! आपलं घर बनवतानाही हेच लक्षात ठेवायचं आहे.

गाडी कापायची नाही

उत्साहाच्या भरात काही जण छत कापतात, खिडकी पाडतात, सीटा काढून टाकतात. असं करू नये. आपल्या देशात मोटार वाहन कायदा, १९८८ आहे. त्याच्या ५२ व्या कलमानुसार गाडीच्या नोंदणीत जी माहिती लिहिलेली असते, तिच्याशी विसंगत असा बदल मालकाला मनाने करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. गाडीत किती माणसं बसतात, हेही नोंदणीत असतं. म्हणून सीट काढण्याचा विचार असेल, तर घरातल्या मोठ्यांनी आधी आरटीओ कार्यालयात जाऊन विचारावं.

आणि यामागे कारणही आहे. गाडीचं छत आणि बाजूचे खांब मिळून एक पिंजरा तयार होतो. अपघातात तोच आपल्याला वाचवतो. पिंजऱ्याची एक सळई कापली, तर तो पिंजरा राहील का?

म्हणून आपली युक्ती पेटीची. भोक नाही, वेल्डिंग नाही, कापाकापी नाही. सोमवारी पेट्या घरात आणल्या, की त्यांचाच पुस्तकांचा बाक होतो. "पण आमच्याकडे गाडीच नाही!" असं कुणी म्हणेल. हरकत नाही. पाहुणे आले, की याच पेट्यांवर फळ्या टाकून जास्तीचा पलंग होतो. गाडी काय, कधी मामाची मिळेल!

आधी खडू, मग करवत

बाजारात जाण्यापूर्वी खडू घ्या. गाडीच्या आतली तीन मापं टेपने मोजा : लांबी, रुंदी, उंची. मागच्या चाकांवर आत आलेले उंचवटे असतात, त्यांच्यामधली रुंदी वेगळी मोजा. प्रत्येक माप दोनदा घ्या. आता तेवढा आयत शाळेच्या व्हरांड्यात किंवा अंगणात खडूने आखा आणि त्यात झोपून बघा!

आमच्या वर्गात आम्ही १८० सेंटीमीटर लांब आणि १२२ सेंटीमीटर रुंद आयत आखला होता. पहिल्याच फेरीत पाच जण आत शिरले आणि आरडाओरडा सुरू! मग चार, मग तीन. शेवटी मुलांनीच ठरवलं, दोन मोठे आरामात, किंवा एक मोठा आणि दोन लहान जेमतेम. एकही पैसा खर्च न होता एवढी मोठी गोष्ट कळली. चार-पाच जणांचं कुटुंब छोट्या व्हॅनमध्ये झोपू शकत नाही. दोघं गाडीत आणि बाकीचे तंबूत किंवा धर्मशाळेत, असा बेत करावा लागतो.

आठ बाय चारचा हिशोब

आता गणिताकडे वळू. प्लायवूडची शीट दुकानात 'आठ बाय चार' म्हणून मिळते. म्हणजे ८ फूट लांब, ४ फूट रुंद. सेंटीमीटरमध्ये साधारण २४४ गुणिले १२२. आपल्याला १२ मिलिमीटर जाडीच्या दोन शीटा पुरतील. कशा, ते पाहा.

पहिली शीट : लांबीच्या बाजूने ६० सेंटीमीटरवर कापत जा. ६० चोक २४०. चार फळ्या झाल्या. पण थांबा! करवत लाकूड खाते. प्रत्येक कापात ३ मिलिमीटर भुसा होऊन उडून जातात. तीन काप म्हणजे ९ मिलिमीटर. तरी एकूण २४०.९ सेंटीमीटर, शीट २४४ ची. बसलं! तीन फळ्या शेजारी शेजारी ठेवल्या, की १८० गुणिले १२२ चा पलंग. चौथी फळी उरली, तिचं टेबल.

दुसरी शीट : रुंदीच्या बाजूने ३० सेंटीमीटरच्या चार लांब पट्ट्या काढा. (१२० अधिक कापांचे ०.९, शीट १२२ ची. पुन्हा बसलं!) या चार पट्ट्यांतून ६० लांब, ३० रुंद आणि साधारण ३१ उंच अशा चार पेट्या होतात. एका पेटीला ६० चे दोन लांब तुकडे, त्यांच्यामध्ये बसणारे २७.६ चे दोन आखूड तुकडे आणि खाली ६० गुणिले ३० चा तळ. आखूड तुकडा पूर्ण ३० चा का नाही? कारण दोन्ही लांब फळ्यांची जाडी, १.२ अधिक १.२, त्यातून वजा करावी लागते. चार पेट्यांचे सगळे तुकडे चार पट्ट्यांत कसे बसवायचे, हे कोडं मी तुमच्यावरच सोपवते. कागदाच्या पट्ट्या कापून करून बघा. बरोबर बसतात!

पेट्या दोन डावीकडे, दोन उजवीकडे ठेवायच्या. दोन फळ्यांचा सांधा जिथे येतो, तिथे खाली पेटी आलीच पाहिजे. दोन्ही रांगांच्या मध्ये ६२ सेंटीमीटर मोकळी जागा राहते. तिथे फळी दबू नये म्हणून खालून लाकडी पट्टी मारायची. फळ्या एकमेकींपासून सरकू नयेत म्हणून त्यांना बिजागऱ्या लावायच्या. दिवसा फळ्या घडी करून एका बाजूला उभ्या बांधल्या, की पेट्यांचे बाक मोकळे. पेट्यांच्या पोटात कपडे, भांडी, शिधोरी.

ही मापं उदाहरणाची आहेत. तुमच्या मामाची गाडी अरुंद असेल, तर फळ्याही अरुंद करा. कापण्याचं काम सुतारकाकांचं. तुमचं काम आखून देण्याचं आणि नंतर कडा पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करण्याचं. सुतारकाकांकडे नीट आखलेला कागद नेला, की लाकूड वाया जात नाही आणि मजुरीही कमी लागते.

वजनाची बेरीज

जाड लाकूड जास्त मजबूत, मग १९ मिलिमीटरचं का नको? कारण वजन! १२ मिलिमीटरची एक शीट साधारण २३ किलोची असते. १९ मिलिमीटरची ३६-३७ किलोची. दोन शीटांमागे सव्वीस ते अठ्ठावीस किलो उगाच वाढले. आता आपली बेरीज करा :

प्लायवूड, दोन शीटा : ४६ किलो
गोधड्या आणि उशा : १० किलो
पाणी, २० लिटर : २० किलो
शिधोरी आणि भांडी : १२ किलो
कपडे आणि किरकोळ : १२ किलो
एकूण : १०० किलो

म्हणजे दीड माणूस जास्त बसला की! प्रत्येक गाडी किती वजन पेलू शकते, हे तिच्या माहितीपुस्तकात लिहिलेलं असतं. माणसं अधिक सामान यांची बेरीज त्याच्या आतच हवी. वजन वाढलं, की ब्रेक दाबल्यावर गाडी उशिरा थांबते आणि टायर तापतात. जड पेट्या नेहमी खाली, छतावर नाहीत. वर वजन ठेवलं, की वळणावर गाडी कलते. विटी-दांडूची विटी उभी करून बघा आणि आडवी ठेवून बघा. कोणती लवकर पडते?

पेटी बांधली नाही तर?

गाडी ताशी ६० किलोमीटरने चालली आहे. म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. आतली पेटीही त्याच वेगाने चालली आहे, हे आपण विसरतो. गाडी कशावर तरी आदळून थांबली, तर पेटी थांबत नाही. ती पुढे जातच राहते! समजा १० किलोची पेटी पुढच्या सीटवर आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली. तेव्हा तिचा धक्का सुमारे १७० किलो वजनाएवढा असतो. तुमच्या पाठीवर चार-पाच वर्गमित्रांनी एकदम उडी मारावी तसा!

म्हणून प्रत्येक पेटी मजबूत पट्ट्याने गाडीच्या पक्क्या लोखंडी भागाला बांधायची. ट्रकवाले सामान आवळायला वापरतात, तो कड्याचा पट्टा चांगला. तो कुठे अडकवायचा, हे मेकॅनिककाकांना विचारा. गाडी सीएनजीवर चालत असेल, तर टाकी बहुधा मागेच असते. तिच्यावर पेटी ठेवायची नाही, आणि तिच्या झडपेपर्यंत हात सहज पोचला पाहिजे.

आणखी एक. चालत्या गाडीत पलंगावर कुणीही झोपायचं नाही. सगळ्यांनी सीटवर, पट्टा लावून. माल वाहण्यासाठी नोंदलेल्या टेम्पोच्या मागे तर माणसांनी बसायचंच नाही.

हवा आत, धूर बाहेर

बंद गाडीत रात्रभर झोपलं, की सकाळी काचांवर आतून पाणी दिसतं. कुठून आलं ते? आपल्या श्वासातून! दोन माणसांच्या श्वासातून रात्रभरात साधारण पेलाभर पाणी बाहेर पडतं. ते गार काचेवर जमतं, मग गोधडीत मुरतं आणि बुरशी धरते. उपाय सोपा. समोरासमोरच्या दोन खिडक्या दोन-तीन बोटं उघड्या ठेवायच्या. एकीतून हवा आत, दुसरीतून बाहेर. जुन्या मच्छरदाणीचे तुकडे खिडकीच्या मापाने कापून लोहचुंबकांनी दाराच्या पत्र्याला चिकटवले, की डासांचाही बंदोबस्त.

पण याहून फार मोठी गोष्ट सांगते. ती नीट वाचा आणि घरातल्यांनाही वाचून दाखवा. गाडीच्या आत कधीही काहीही पेटवायचं नाही. स्टोव्ह नाही, गॅस नाही, कोळशाची शेगडी नाही. थंडी आहे म्हणूनही नाही! आणि इंजिन चालू ठेवून, एसी लावून आत झोपायचं नाही. जळणाऱ्या इंधनातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्याने खोकलाही येत नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन शरीरभर प्राणवायू पोचवतं. पण हा वायू हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. मग प्राणवायूला जागाच उरत नाही. माणसाला झोप लागली आहे असं वाटतं, आणि तो उठतच नाही.

गॅसचं दुसरं दुखणं असं, की स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला, तर पाण्यासारखा खाली साठतो, म्हणजे बरोबर आपल्या बिछान्यापाशी. म्हणून आपल्या घराला स्वयंपाकघरच नको! दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, लाडू. आजीच्या हातची शिधोरी दोन दिवस सहज टिकते. खर्च कमी, वजन कमी आणि धोका शून्य.

दुपारी उन्हात उभी असलेली बंद गाडी भट्टीसारखी तापते. तिच्यात लहान बाळ, आजी-आजोबा किंवा कुत्रं, कुणालाच ठेवून जायचं नाही. गाडी सावलीत लावायची. काचांवर पडदा बाहेरून घालता आला तर उत्तम, कारण ऊन काचेच्या आत आलं, की उष्णता आतच अडकते.

दिवा, पंखा आणि वजाबाकी

गाडीची स्वतःची बॅटरी इंजिन सुरू करण्यासाठी असते. रात्रभर तिच्यावर पंखा चालवला, तर सकाळी किल्ली फिरवल्यावर गाडी नुसती "टक टक" करेल. मग द्या धक्का!

पहिल्या एक-दोन सहलींना घरी चार्ज करून नेलेला एलईडी कंदील आणि हातपंखा पुरतो. पुढे कधी वेगळी बॅटरी घ्यायचीच झाली, तर आधी हिशोब. १२ व्होल्ट, ४० अँपिअर-तासांची बॅटरी असेल, तर १२ गुणिले ४०, म्हणजे ४८० वॅट-तास वीज. पण शिसं-आम्लाची साधी बॅटरी निम्म्याहून जास्त रिकामी केली, की लवकर खराब होते. म्हणून आपल्या हातात २४०. आता खर्च लिहा : ५ वॅटचा दिवा ४ तास, म्हणजे २०. १० वॅटचा छोटा पंखा ८ तास, म्हणजे ८०. दोन मोबाइल, साधारण ३०. एकूण १३०. २४० मधून १३० गेले, उरले ११०. म्हणजे दुसऱ्या रात्री २० वॅट-तास कमी पडणार. काय कमी कराल? दिवा, की मोबाइल?

वायरिंग मात्र जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवाच. वायर तापली, की तो आधी उडतो आणि आग टळते. चार्ज होताना अशा बॅटरीतून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो, म्हणून ती बिछान्याखाली कोंडून ठेवायची नाही.

पालकहो, पैसे कुठे वाचवाल?

प्लायवूडचे भाव गावोगाव आणि दर महिन्याला बदलतात, म्हणून इथे रुपये लिहीत नाही. मुलांनाच दोन दुकानांत पाठवा आणि भाव लिहून आणायला सांगा. वहीत तीन रकाने आखा : 'हवंच', 'असलं तर बरं' आणि 'घरातच आहे'. तिसरा रकाना सगळ्यांत लांब होतो, हे पाहून तुम्हांलाही नवल वाटेल. जुन्या साड्यांच्या गोधड्या, ओढणीचे पडदे, नळ असलेला पाण्याचा कॅन, स्टीलचे डबे.

गादी, पडदे, टेबल, कपाट यांत खुशाल काटकसर करा. पण चार गोष्टींत करू नका : टायर, ब्रेक, पेट्या आवळण्याचे पट्टे आणि वायर-फ्यूज. घराचा पैसा उरला नाही म्हणून गुळगुळीत टायरवर घाट चढायचा, ही काटकसर नव्हे.

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. सगळ्या सोयी असलेल्या तयार गाड्या भाड्यानेही मिळतात. ती मजा वेगळी. पण मुलाने स्वतः मोजलेल्या, घासलेल्या फळीवर स्वतःच झोपायचं, याची सर तिला येणार नाही.

पहिली रात्र अंगणात

सगळं तयार झालं, की लगेच महाबळेश्वरला धावू नका. पहिली रात्र घरासमोरच काढा. मोठ्या माणसाला बरोबर घ्या. पाणी कुठे ठेवलं, टॉर्च अंधारात सापडते का, पाय कुठे आपटतो, डास कुठून येतात, सगळं वहीत लिहा. काही कमी पडलं, तर घर दहा पावलांवर! वहीत जे तीनदा आलं, तेवढंच विकत घ्या. बाकीचं नाही.

दुसरी रात्र मामाच्या शेतात. तिसरी एखाद्या देवळाच्या किंवा ढाब्याच्या आवारात, तिथल्या लोकांना विचारून. रस्त्याच्या कडेला मुक्काम करायचा नाही. रात्री ट्रक भरधाव जातात. नदीच्या कोरड्या पात्रातही नाही. वर कुठेतरी पाऊस झाला, की पाणी न सांगता येतं. आणि निघताना जागा अशी दिसली पाहिजे, की इथे कुणी राहिलं होतं हे कळूही नये.

करून पाहा

१. जुन्या पुठ्ठ्याची २४.४ गुणिले १२.२ सेंटीमीटरची दोन आयतं कापा. हे आपल्या शीटांचे छोटे नमुने. खऱ्या लाकडाचे १० सेंटीमीटर म्हणजे पुठ्ठ्याचा १ सेंटीमीटर. त्यातून तीन फळ्या, एक टेबल आणि चार पेट्या बनवा. (छोट्या नमुन्यात कापाचा भुसा सोडून द्या.) पुठ्ठा उरतो का?

२. घरातल्या पाच वस्तू निवडा. प्रत्येकीची किमान दोन कामं शोधा. जिचं एकच काम सापडेल, ती गाडीत घ्यायची नाही!

३. तुमच्या दप्तराचं वजन करा. आपल्या शंभर किलोंच्या यादीत ते कुणाच्या जागी बसेल?

४. घरातल्या मोठ्यांना विचारा : त्यांनी लहानपणी बैलगाडीतून केलेल्या जत्रेच्या प्रवासात काय काय सामान नेलं होतं? ती यादी आपल्या यादीशेजारी लिहा आणि कुणाची लहान आहे, ते बघा.

मग, मुलांनो, येत्या रविवारी खडू घेऊन अंगणात उतरताय ना? टेप बाबांची, खडू शाळेचा, जागा अंगणाची. इथपर्यंत तर एक रुपयाही लागत नाही. हां, आणि मामाला गाडी मागायच्या आधी ती एकदा धुऊन द्या. लवकर मिळेल!